पुरस्कार कसा आहे ते बघायचंय? आधी त्याचा फॉर्म उघडा

पुरस्कारांचा रिव्ह्यू म्हटलं की लोक स्टेजपासून सुरू करतात, हॉल कसला होता, कोण आलं होतं, ट्रॉफी किती जड. मी फॉर्मपासून करणारे. म्हणजे नॉमिनेशनचा तो फॉर्म, जो डेडलाइनच्या आदल्या रात्री कुणीतरी डोळे चोळत भरत बसलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते कुणीतरी मीच असतो. ऑफिसात एकदा कुणीतरी म्हणालं तू बरं लिहितोस, तेव्हापासून हे काम गळ्यात पडलंय ते पडलंयच.

तर इंजिनियरिंग आणि टेकमधे ज्यांची माणसं मुळातच कमी दिसतात, म्हणजे बायका, ब्लॅक, लॅटिनो, नेटिव्ह अमेरिकन, ट्रान्स इंजिनियर, त्यांच्या कामाची दखल घेणारे बरेच पुरस्कार अमेरिकेत आहेत, काही सत्तर वर्षं जुने, काही कालपरवाचे. मी यांच्याकडे एक सर्व्हिस म्हणून बघतो. आपण वेळ घालवतो, शिफारसपत्रांसाठी चार लोकांच्या मागे लागतो, मग बदल्यात मिळतं काय? माझं उत्तर थोडं विचित्र वाटेल, पण ट्रॉफी मिळाली तर उत्तम, खरा माल मात्र त्या फॉर्ममधे आहे. एका माणसाने नेमकं काय केलं हे कुणालातरी नीट, तारखा आणि आकड्यांसकट लिहून काढायला लावणं, तेही बघणारे साक्षीदार अजून कंपनीत आहेत तोवर, हे काम दुसरं कुणीच करत नाही. अप्रेझल तर अजिबात करत नाही. म्हणून माझे स्टार सगळे या हिशोबाने आहेत, कुणाचा समारंभ झकास झाला यावर नाहीत.

आधी एक उदाहरण देतो म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल. आमच्याकडे एक नेटवर्क इंजिनियर आहे, ब्लॅक आहे, कामाला एक नंबर, मीटिंगमधे कमी बोलणारी. तिचं नॉमिनेशन लिहायला बसलो. फॉर्ममधे प्रश्न होता, या व्यक्तीच्या कामामुळे नेमकं काय बदललं. तिने स्वतः लिहून पाठवलेलं उत्तर एका ओळीचं, 'रिलायेबिलिटी सुधारायला मदत केली'. म्हटलं मदत म्हणजे? म्हणे टीमने केलं ना सगळं. बरं, टीमने केलं, तुझ्या हातून काय झालं? मग तासभर खोदल्यावर बाहेर आलं की कॉन्फिग बदल (म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगमधले बदल) लाइव्ह जायच्या आधी जुन्याशी ताडून बघणारा आणि काही विचित्र दिसलं की रोलआउट तिथल्या तिथे थांबवणारा जो चेक आम्ही सगळे आता गृहीत धरतो, तो हिने एकटीने लिहिला होता, तोही कुणी सांगितलं नसताना, दोन रात्री लागोपाठ पेजर वाजल्यावर वैतागून. आता पुरावा शोधा. पोस्टमॉर्टेमच्या, म्हणजे बिघाडानंतर काय चुकलं ते लिहितात त्या, डॉक्युमेंटमधे तिचं नाव फक्त हजर असलेल्यांच्या यादीत. डिझाइन डॉकच्या (काय आणि कसं बांधायचं ते आधी लिहितात त्या कागदाच्या) माथ्यावर पहिलं नाव भलत्याच माणसाचं, जो तेव्हा टीम लीड होता म्हणून आपोआप वर गेला. पण व्हर्जन हिस्टरी उघडली तर पानभर एडिट एकाच अकाउंटवरून, तिच्या. मी ती हिस्टरी स्क्रोल करत करत तिला दाखवत होतो आणि ती म्हणाली, अरे हो, हे मीच लिहिलं होतं नाही का.

तर हे असं असतं. माणूस स्वतःच विसरलेला असतो. आणि फॉर्मने 'नेमकं काय' असं विचारलं नसतं, 'प्रेरणादायी प्रवास थोडक्यात सांगा' वगैरे विचारलं असतं, तर यातलं काहीच वर आलं नसतं, आम्ही दोघांनी मिळून लहानपणीच्या संघर्षावर दोन परिच्छेद पाडले असते आणि पाठवून दिले असते.

पुरस्कार तिला मिळाला नाही, लगेच सांगून टाकतो. पण तेच पान पुढच्या प्रमोशनच्या फाइलला जोडलं आणि तिथे त्यावर चर्चा झाली, पहिल्यांदा.

आता एकेक घेतो.

सोसायटी ऑफ विमेन इंजिनियर्सचा अचीव्हमेंट अवॉर्ड. साडेचार स्टार. ही संस्था 1950 ची आणि पुरस्कार 1952 पासून आहे, म्हणजे जन्मल्या जन्मल्या त्यांनी पहिलं काय केलं तर आपल्यातल्या कुणी काय केलंय याची नोंद करायला घेतली. पहिला मारिया टेल्केश यांना, सौरऊर्जेवर काम करणाऱ्या, 1948 मधे मॅसॅच्युसेट्समधे सूर्याच्या उष्णतेवर गरम राहणारं घर उभं करण्यात यांचा हात होता, ग्लॉबर सॉल्ट नावाच्या क्षारात उष्णता साठवून. 1954 मधे ईडिथ क्लार्क. क्लार्कबाईंचं बघा, एमआयटीमधून इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची मास्टर्स घेणारी पहिली बाई, 1919 साली, आणि डिग्री घेऊन बाहेर पडल्यावर इंजिनियर म्हणून नोकरी कुणी देईना. जनरल इलेक्ट्रिकमधे घेतलं ते हिशोब करणाऱ्या मुलींवर सुपरवायझर म्हणून. लांब पल्ल्याच्या ट्रान्समिशन लाइनची किचकट गणितं हातासरशी सुटावीत म्हणून त्यांनी एक ग्राफिकल कॅल्क्युलेटर बनवला, 1925 मधे त्याचं पेटंटही मिळालं. 1964 मधे ग्रेस हॉपर, कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगच्या सुरुवातीच्या दिवसांतलं मोठं नाव.

ही यादी मला आवडते कारण त्यात 'पहिली बाई' एवढंच भांडवल असलेलं कुणी नाही, प्रत्येकीचं काम समोर ठेवता येतं, हात लावून बघता येतं. अर्धा स्टार का कापला? शिफारसपत्रांची दमछाक. मोठ्या नावांची ओळख असलेल्यांनाच ती नीट जमतात, हे या एकाच पुरस्काराचं नाही, सगळ्यांचंच आहे, पण इथे जास्त खुपतं कारण बाकी सगळं चांगलं आहे.

हॉपरबाईंवरून आठवलं म्हणून सांगतो. 1969 मधे डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशनने कॉम्प्युटर सायन्समधला एक नवाकोरा पुरस्कार सुरू केला आणि पहिल्याच वर्षी तो हॉपरबाईंना दिला. पुरस्काराचं नाव होतं 'मॅन ऑफ द इयर'. म्हणजे पुरस्कार ठरवणाऱ्यांनी नाव छापताना बाई येईल असं धरलंच नव्हतं आणि मग पहिल्याच फेरीत बाईच आली, आता करता काय. मला यावर अजून हसू येतं.

आणि हे वेगळे पुरस्कार हवेतच कशाला, सगळ्यांसाठी एकच ठेवा की, असं म्हणणाऱ्यांसाठी (दर वर्षी कुणीतरी म्हणतंच) सगळ्यांसाठी असलेल्यांचा रेकॉर्ड बघून घ्या. आयट्रिपलई (IEEE) या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियरांच्या संस्थेचं मेडल ऑफ ऑनर 1917 पासून दिलं जातंय, ते पहिल्यांदा एका बाईला मिळालं 2015 मधे, मिल्ड्रेड ड्रेसलहाउस यांना. कॉम्प्युटर सायन्समधला सगळ्यात मोठा मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार 1966 पासून, पहिली बाई फ्रान्सिस ॲलन, 2006 मधे. मग 2008 मधे बार्बरा लिस्कोव्ह, 2012 मधे शफी गोल्डवासर, आणि 2024 च्या पुरस्कारापर्यंत मोजलं तर एवढ्याच, तीन. त्या चाळीस वर्षांत कंपायलरवर (माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमवर) काम करणारी एकही बाई नव्हती असं थोडीच आहे, ॲलनबाईंनीच आयबीएममधे कंपायलर ऑप्टिमायझेशनचा पाया घातला तो साठ-सत्तरच्या दशकात.

कुणी मुद्दाम अडवलं असंही नसतं हो दर वेळी. यंत्रणाच तशी आहे. आयट्रिपलई फेलो घ्या, म्हणजे त्या संस्थेतली सगळ्यात वरची सभासद श्रेणी. एका वर्षात एकूण मतदार सभासदांच्या एक हजारांश भागापेक्षा जास्त लोक फेलो होऊ शकत नाहीत, स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही, आणि शिफारशी लागतात त्या आधीच फेलो असलेल्यांच्या. आता ज्या गटातले फेलो मुळातच मूठभर, त्या गटातल्या माणसाला ओळखणारे फेलो कुठून आणायचे? ओळख होते ती कॉन्फरन्सच्या कमिट्यांमधून, जुन्या लॅबमधून, एकाच गाइडच्या विद्यार्थ्यांमधून. त्या वर्तुळात नसलात तर काम कितीही असो, नाव सुचणारच नाही कुणाला. वेगळ्या पुरस्कारांचा खरा उपयोग इथे आहे, ते माणसाचं नाव आणि त्याच्या कामाचं तयार वर्णन अशा लोकांच्या टेबलावर नेऊन ठेवतात ज्यांच्या सहीला पुढे वजन आहे. नेतात म्हणजे नेऊ शकतात. सगळे नेतात असं नाही, त्यावर येतो.

ब्लॅक इंजिनियर ऑफ द इयर, लोक ज्याला बेया म्हणतात. चार स्टार. 1987 साली बाल्टिमोरमधे सुरू झाला, फेब्रुवारीत असतो, इंजिनियर्स वीकच्या आगेमागे, आणि ब्लॅक विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या ऐतिहासिक कॉलेजांच्या इंजिनियरिंग डीन मंडळींचा त्याला पाठिंबा आहे. याची सगळ्यात मोठी जमेची बाजू, जी बाहेरून पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे संरक्षण खातं, नेव्ही, मोठ्या डिफेन्स कंपन्या इथले इंजिनियर. या लोकांचं काम पेपरमधे छापून येत नाही, गिटहबसारख्या कोड ठेवायच्या साइटवर दिसत नाही, कित्येकदा घरच्यांनाही सांगता येत नाही. सायटेशन काउंटवर, म्हणजे इतरांनी तुमच्या पेपरचा किती वेळा उल्लेख केला यावर, चालणाऱ्या पुरस्कारांत हे कधीच बसणार नाहीत. इथे बसतात.

नावंही भक्कम आहेत. मार्क डीन यांना 1997 मधे यांचा प्रेसिडेंट्स अवॉर्ड मिळाला. आयबीएमच्या पहिल्या पीसीच्या नऊ मूळ पेटंटपैकी तीन यांच्या नावावर, कॉम्प्युटरला प्रिंटर, मॉडेम, डिस्क जोडायची जी आयसा बस होती त्यातही हेच, आणि आयबीएमचे पहिले ब्लॅक फेलो (तिथला सगळ्यात वरचा तांत्रिक मान). आता मला सांगा, पीसीच्या इतिहासात गॅरेजमधल्या पोरांच्या गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ आहेत, मार्क डीन किती जणांना माहिती आहेत? मी दहा-बारा वर्षं हार्डवेअरवाल्यांमधे उठबस केलीय, कुणाच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं, एक नॉमिनेशन लिहिताना आधीच्या विजेत्यांची यादी चाळली तेव्हा सापडलं.

एक स्टार गेला तो कॅटेगरींच्या गर्दीमुळे. मुख्य पुरस्कार ठीक, करिअर अचीव्हमेंट ठीक, मोस्ट प्रॉमिसिंग ठीक, पण त्याखाली 'मॉडर्न डे टेक्नॉलॉजी लीडर' म्हणून जी लांबलचक यादी असते ती वाचताना हळदीकुंकवाच्या वाणाची आठवण येते, आली त्या प्रत्येकीला एकेक. कंपन्यांना तेच हवं असतं, आमचे इतके लोक झळकले म्हणून पोस्ट टाकता येते. ज्याला मिळालं त्याला आनंद होतो हे मान्य आहे, मी कुणाचा आनंद हिरावत नाहीये, पण प्रमोशन कमिटीतला माणूस ती यादी बघतो आणि मुख्य पुरस्कारालाही त्याच मापाने मोजायला लागतो, तोटा तिथे होतो.

आणि 2025 चा प्रकार. त्या फेब्रुवारीत अमेरिकन लष्कराने आणि इतर सैन्यदलांनी या कार्यक्रमातून भरतीचं काम काढून घेतलं, वरून डायव्हर्सिटीविरोधी आदेश आले म्हणून. जिथे वर्षानुवर्षं ते स्वतः माणसं शोधायला यायचे तिथून. आयोजकांचा यात दोष शून्य, त्यामुळे स्टार कापत नाही, पण सर्व्हिस म्हणून बघताना हे लक्षात ठेवायला लागतं की यांची बरीच ताकद सरकारी आणि डिफेन्स लोकांच्या हजेरीवर उभी होती.

आता माझा लाडका. पाच स्टार, आणि याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. अमेरिकन इंडियन सायन्स अँड इंजिनियरिंग सोसायटी, 1977 ची, थोडक्यात AISES. त्यांचा सगळ्यात मोठा पुरस्कार ईली पार्करच्या नावाने आहे. हा पार्कर सेनेका या नेटिव्ह अमेरिकन जमातीचा. कायदा शिकला, पण वकिलीची सनद नाकारली, का तर नेटिव्ह माणूस अमेरिकेचा नागरिकच नाही. मग इंजिनियर झाला, सिव्हिल, कालवे आणि सरकारी इमारती बांधल्या. यादवी युद्धात इंजिनियर म्हणून सैन्यात येतो म्हणाला तर तिथेही आधी नकार. शेवटी उत्तरेचा सेनापती ग्रँट याचा लष्करी सेक्रेटरी झाला आणि 1865 मधे ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली तेव्हा तो शरणागतीचा मसुदा पार्करच्या हस्ताक्षरातला होता.

पुरस्काराला नाव द्यायचं तर असं द्यावं. स्पॉन्सर कंपनीचं नाव चिकटवलेले पुरस्कार मी इतके बघितलेत की हे वाचून बरं वाटलं. पण पाच स्टार नावासाठी नाहीत. ही छोटी बिरादरी आहे, एकमेकांना ओळखणारी, त्यामुळे इथे फुगवून लिहिलेलं खपत नाही, आणि सन्मान मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी गायब होत नाही, पोरांच्या चॅप्टरमधे येऊन बसतो.

नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनियर्सचे गोल्डन टॉर्च अवॉर्ड्स (संस्था 1975 ची, पर्ड्यू युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली) आणि कॉम्प्युटिंगमधल्या डायव्हर्सिटीसाठी भरणारी टापिया कॉन्फरन्स, दोन्ही चांगले, विद्यार्थ्यांकडे कल असलेले, ज्याला पीएचडीच्या वाटेवर हात हवाय त्याने टापिया नक्की बघावं. यापेक्षा जास्त सांगण्याइतका माझा त्यांच्याशी संबंध आलेला नाही.

ग्रेस हॉपर सेलिब्रेशन, म्हणजे हॉपरबाईंच्या नावाने भरणारी टेकमधल्या बायकांची कॉन्फरन्स. तीन स्टार, आणि हे लिहिताना वाईट वाटतंय. 1994 मधे अनिता बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी सुरू केलं तेव्हा पाचशे बायका होत्या. आता हजारोंनी लोक येतात. त्यांचे एबी अवॉर्ड्स आहेत, टेक्निकल लीडरशिपसाठी वगैरे, निवड चांगली असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोहळ्याचा जीव आता जॉब फेअरमधे आहे. 2023 मधे ऑर्लँडोला काय झालं ते आठवत असेल, टेकमधली नोकरकपात ताजी होती, पुरुष उमेदवार झुंडीने आले, रांगांमधे घुसले, आयोजकांना स्टेजवरून जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली, आणि कायद्याने पुरुषांना येऊ नका असं सांगताही येत नाही. नोकरी नसलेल्या माणसाची घालमेल मला समजते, व्हिसाचं घड्याळ चालू असलं की काय होतं तेही माहितीये. पण ज्या हॉलमधे एखादीच्या तीस वर्षांच्या कामाबद्दल बोललं जातंय तिथे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या आणि बाहेर रेझ्युमेचे गठ्ठे घेऊन पळापळ, अशाने पुरस्काराचा आवाज जातोच. इथे जायचं असेल तर नोकरीसाठी किंवा ओळखींसाठी जा. सन्मानासाठी म्हणून नॉमिनेशन करायचं असेल तर करा, पण त्या पानाचा दुसरीकडे उपयोग करायची तयारी ठेवा.

कंपन्यांचे आतले डायव्हर्सिटी अवॉर्ड. नाव न घेता लिहितो, दीड स्टार. एका ठिकाणी मी बघितलेल्या फॉर्ममधे एकूण एकच प्रश्न होता 'ही व्यक्ती आमची मूल्यं कशी जगते'. कामाबद्दल एक अक्षर नाही. जिने वर्षभर डेटाबेस मायग्रेशन (सगळा डेटा जुन्या सिस्टीममधून नव्यात हलवायचं काम) ओढलं तिला बक्षीस मिळालं ते 'महिलांच्या ग्रुपचे कार्यक्रम आयोजित केल्याबद्दल'. ते कार्यक्रम तिने कामाचे तास सांभाळून वर केले होते. मग रिव्ह्यूमधे मॅनेजर म्हणतो, ही कम्युनिटीचं काम छान करते. झालं, शिक्का बसला. संशोधनाच्या जगातही हेच दिसतं, बायकांना शिकवण्याचे आणि सेवेचे पुरस्कार तुलनेने सहज मिळतात, मूळ संशोधनाचे नाही.

आणि ते ईमेल. 'अभिनंदन, आपली टॉप शंभर लीडर्समधे निवड झाली आहे', खाली प्लेक हवा असेल तर इतके, मासिकात पान हवं असेल तर तितके, टेबल बुक करायचं तर आणखी. शून्य स्टार. ओळखायची खूण सोपी आहे, यांच्या फॉर्ममधे शिफारसपत्र मागितलेलं नसतं, कार्ड नंबर मागितलेला असतो. नवख्या पोरांना खरं वाटतं, दोष त्यांचा नाही, पण रेझ्युमेवर हे टाकलंत तर वाचणारा तुमच्या खऱ्या पुरस्कारांवरही शंका घेईल.

मी लिहून ठेवण्यावर एवढा का अडून बसलोय त्याची दोन कारणं नावानिशी देतो.

ग्लॅडिस वेस्ट. व्हर्जिनियातल्या छोट्या शेतकरी कुटुंबातली मुलगी, गणित शिकली, 1956 मधे डालग्रेनच्या नेव्हीच्या तळावर लागली. पृथ्वी गोल नाही, खडबडीत आहे, गुरुत्वाकर्षणाने आणि भरती-ओहोटीने तिचा आकार नक्की कसा बनतो याचं मॉडेल उपग्रहांच्या डेटावरून कॉम्प्युटरवर बसवायचं काम यांनी केलं, आणि आपल्या फोनमधलं जीपीएस ज्या पायावर उभं आहे त्यात हे काम आहे. 1998 मधे रिटायर झाल्या. कुणालाही माहिती नाही. मग उतारवयात कॉलेजच्या जुन्या सोरोरिटीच्या (विद्यार्थिनींच्या मंडळाच्या) एका कार्यक्रमासाठी सगळ्यांनी आपापला परिचय पाठवायचा होता, त्यात यांनी सहज लिहिलं की जीपीएसच्या कामात होते. वाचणारीने डोळे विस्फारले. तिथून बातम्या, आणि 2018 मधे एअर फोर्सच्या स्पेस अँड मिसाइल पायोनियर्सच्या हॉल ऑफ फेममधे नाव. म्हणजे एवढी मोठी नेव्ही, त्यांच्या एवढ्या फायली, आणि गोष्ट बाहेर आली ती एका स्नेहमेळाव्याच्या फॉर्ममुळे.

दुसऱ्या लिन कॉनवे. आयबीएममधे सुपरकॉम्प्युटरच्या प्रोजेक्टवर होत्या, 1968 मधे ट्रान्झिशन करणार, म्हणजे यापुढे बाई म्हणून जगणार, असं सांगितलं तर नोकरीवरून काढलं. नव्या नावाने, मागचं काही न सांगता, शून्यापासून सुरुवात केली. पुढे झेरॉक्स पार्क (PARC) या संशोधन केंद्रात, आणि कार्व्हर मीड यांच्याबरोबर चिप डिझाइनची अशी पद्धत बसवली की कॉलेजातली पोरंही चिप बनवू लागली. मीड यांचं नाव नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममधे गेलं 2009 ला, कॉनवे यांचं 2023 ला. काम एकत्र केलेलं. आयबीएमने माफी मागितली 2020 मधे, बावन्न वर्षांनी. 2024 मधे त्या गेल्या. 2018 मधे त्यांनीच यावर एक लेख लिहिला होता, मुद्दा साधारण असा की लोकांच्या डोक्यात शोध लावणाऱ्याचं एक चित्र पक्कं असतं, त्या चित्रात न बसणारी माणसं हळूहळू कहाणीतून गळत जातात, मुद्दाम कुणी खोडत नसताना. आमच्या त्या डिझाइन डॉकच्या माथ्यावर टीम लीडचं नाव आपोआप गेलं ना, तेच हे, छोट्या मापात.

आता ज्यांना कुणाचं तरी नॉमिनेशन लिहायचंय त्यांच्यासाठी थोडं, कारण सर्व्हिस कितीही चांगली असली तरी आपण काय भरतो त्यावर आहे. सगळ्यात घात करतं ते शिफारसपत्र. 2003 मधे अमेरिकेतल्या एका मेडिकल स्कूलच्या तीनशेहून जास्त शिफारसपत्रांचा अभ्यास छापून आला होता, त्यात बायकांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने छोटी निघाली, आणि मेहनती, कष्टाळू छापाची विशेषणं जास्त, संशोधनाचा उल्लेख कमी. मी हे डोळ्यांनी बघितलंय. आमच्या त्या नेटवर्क इंजिनियरसाठी मॅनेजरने दिलेलं पहिलं पत्र होतं, 'अत्यंत मेहनती, सगळ्यांशी मिळून मिसळून वागते, टीमला तिचा आधार वाटतो'. मनापासून लिहिलेलं, प्रेमाने. आणि निवड समितीसाठी पूर्ण निरुपयोगी, कारण हे कुणाबद्दलही लिहिता येतं. मी त्याला फोन करून एवढंच विचारलं की उद्या ती सोडून गेली तर कुठली गोष्ट बंद पडेल. तो पाच मिनिटं न थांबता बोलला. म्हटलं, हेच लिही. दुसरं पत्र दीड पानाचं आलं आणि त्यात 'मेहनती' हा शब्द एकदाही नव्हता.

स्वतःचं नाव स्वतः देता येतं तिथे द्या, लाजू नका, ज्यांना सवय आहे ते बिनधास्त देतात आणि आपण इथे चांगलं दिसत नाही म्हणून बसून राहतो. आयोजक जर हा रिव्ह्यू वाचत असतील तर दोनच मागण्या, न निवडलेल्यांना समितीचा एका ओळीचा तरी अभिप्राय पाठवा, आणि विजेत्यांच्या यादीत प्रत्येकाच्या कामाचं ते मूळ वर्णन कायमचं वाचायला ठेवा, नुसता फोटो आणि हुद्दा नको, हुद्दा तर वर्षभरात बदलतो.

आणि हो, पत्र देणाऱ्यांना दोन महिने आधी सांगा. आठवडाभर आधी मागितलं की जे येतं ते 'मेहनती' वालंच येतं.